कात्रीअक्काच्या बिननावाच्या भेटी

कागद विकत घ्यायच्या आधी तो कानाशी नेऊन वाजवून बघणारं एकच गिऱ्हाईक माझ्या दुकानाला लाभलं, ते म्हणजे कात्रीअक्का. धुळ्यात शाळेच्या फाटकासमोर माझं स्टेशनरीचं दुकान आहे. वह्या, पेनं, कार्डशीट, क्रेप, घोटीव, पतंगी, सोनेरी, सगळ्या जातींचा कागद मी ठेवते. लोक येतात, रंग बघतात, घेऊन जातात. अक्काचं तसं नाही. ती ताव हातात घेणार, एका कोपऱ्याला धरून कानाजवळ फडफडवणार, मग अंगठ्याच्या नखानं कड दाबून बघणार आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणणार, "हाऊ कागद शे का वाळेल पापड? घडी पाडी का तुटी जाई." मागे उभं असलेलं गिऱ्हाईक तो ताव खाली ठेवायचं. सुरुवातीला मला असा राग यायचा, काय सांगू! धंद्याच्या वेळेला ही बया दारात येऊ नये म्हणून मी मनातल्या मनात हात जोडायची.

कात्रीअक्का हे नाव गल्लीनं ठेवलेलं. कमरेला बटव्याशेजारी छोटी कात्री खोचलेली असायची हे एक कारण, आणि तिचं तोंड हे दुसरं. सोनगीरकडची बाई, अहिराणी बोलायची आणि कुणाची भीडभाड ठेवायची नाही. रुखवतातली कागदाची कमळं, गणपतीचं मखर, दिवाळीचे कंदील, गुलाबाईची, म्हणजे आमच्याकडच्या भोंडल्याची, कमान हे सगळं ती एका खोलीत बसून करायची आणि विकायची. एकदा एक आई मुलाचा शाळेचा प्रकल्प करून मागायला आली. अक्कानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "मार्क कोनले भेटतीन? माले का त्याले?" बाई तणतणत निघून गेली. मी म्हटलं, "अक्का, अहो गोड बोलून नाही म्हणता येतं." तर म्हणाली, "गोड बोलानं ऱ्हातं तं मना जल्मनं वाटोळं काब्रं व्हतं?" तेव्हा मला वाटलं, बोलायची पद्धत असेल. त्या वाक्यात काय होतं ते मला पुढे कळलं.

आमचं सूत जमलं ते माझ्या ईशामुळे. ईशा तेव्हा पहिलीत होती, शाळा सुटली की दुकानातच बसायची. एक दिवस अक्का आली, कागद वाजवायचं सोडून ईशाच्या डोक्याकडे बघत राहिली. मग कमरेची सुतळी काढली आणि न विचारता पोरीच्या डोक्याभोवती गुंडाळून माप घेतलं. मी म्हटलं, "हे काय हो?" तर म्हणाली, "तुनी पोर कितवीले शे? पहिलीले ना? मनी बी पहिलीलेच शे. मुकुट कराना शे." मला वाटलं नात जवळच कुठे असेल. म्हटलं, "मग तिचंच माप घ्या की." अक्कानं सुतळीला गाठ मारली, बटव्यात टाकली आणि निघून गेली. तोंड चालवल्याशिवाय अक्का दुकानातून गेली ते पहिल्यांदा. त्या दिवशी मला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

हळूहळू तिनं सगळं सांगितलं. एकदम नाही, गोंद सुकायची वाट बघता बघता थोडं थोडं. तिला एकुलती एक लेक, सुमन. पाचोऱ्याला दिली होती. सुमनला कावीळ झाली, सासरच्यांनी गावठी औषध दिलं, मोठ्या दवाखान्यात न्यायला उशीर झाला. सुमन गेली तेव्हा तिची लेक चिमी तीन वर्षांची होती. उशीर झाला की सुमनचं दुखणंच तसं होतं, देव जाणे. पण अक्काला तेव्हा विचार करायला सवड कुठे होती? अंगणात मांडी घालून बसलेल्या सगळ्या भावकीसमोर ती ओरडली, "मनी पोरले मारी टाकं तुम्हीन!" तेवढ्यावर थांबती तरी निभावलं असतं. तिनं मूठभर माती उचलली आणि उंबऱ्यावर फेकून शाप दिला, की या घरात दिवा लावायला कुणी उरणार नाही.

हे सांगताना अक्काचे हात थांबले होते. म्हणाली, "त्याच घरमा मनी चिमी व्हती वं. हाई मना ध्यानमा ऱ्हायनंच नही."  उचलली जीभ लावली टाळ्याला, असं दुसऱ्या कुणाला म्हणाले असते. हिला कसं म्हणू? सासरच्यांनी त्या दिवशी सांगून टाकलं, या बाईनं पुन्हा आमच्या दारात पाऊल ठेवायचं नाही. ती पहिल्या दिवाळीला फराळ घेऊन गेली, दार उघडलं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला गेली, जावयानं लांबूनच हात हलवून परत पाठवलं. पुढे जावई दुबईला कामाला गेला आणि पोर आजी-आजोबांकडे राहिली. लेकीच्या लेकीला लांबून बघायचीही चोरी झाली.

आता त्या पाचोऱ्याच्या शाळेत शेवंताबाई म्हणून एक शिपाईबाई होत्या. त्यांचं माहेर सोनगीरच, अक्काच्या ओळखीच्या. दर सणाच्या आधी आईला भेटायला त्यांची चक्कर व्हायचीच आणि वाटेत धुळ्याला गाडी बदलावी लागायची. अक्कानं त्यांना गाठलं, पाया पडायला गेली म्हणे. शेवंताबाईंनी दोन अटी घातल्या. वस्तू डब्याच्या पिशवीत मावेल अशी चपटी पाहिजे, कारण पिशवी फुगलेली दिसली की शाळेत दहा जणी विचारणार. आणि त्यावर नाव, निरोप, काही म्हणजे काही नको. "माझी नोकरी जाईल, अक्का." कडबोळी, लाडू, फ्रॉक, बाहुली सगळं बाद झालं. उरला कागद. त्या दिवसापासून अक्का चिमीसाठी जे करू लागली, ते सगळं घडीत मावणारं.

आणि काय करायची हो ती! संक्रांतीला तिळगुळाची डबी, दाबली की सपाट, दोन बाजूंना बोट लावलं की फुललेली. आखाजीला झोका, त्यावर दोन पोरी बसलेल्या, दोरी ओढली की झुलायच्या. पोळ्याला बैल. तो बैल मी कधी विसरणार नाही. नुसता पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा दिसायचा, पण एक पट्टी ओढली की शिंगं, वशिंड, अंगावरची झूल, सगळं घेऊन बैल चारी पायांवर उभा. दिवाळीला कंदील, बांगडीसारखा बसलेला, वर उचलला की बारा पाकळ्या सुटायच्या. मी म्हणायची, "अक्का, एक माझ्या दुकानात टांगायला द्या, शंभर जण मागतील." ती नाक मुरडायची. "हाई ईकाना माल नही." विकायचे कंदील ती वेगळे करायची, ते साधे असत.

प्रत्येक सणाची वस्तू त्या सणाच्या तोंडावरच करायची, हा तिचा हट्ट होता. मी म्हटलं, पावसाळ्यात रिकाम्या बसता तर दिवाळीचं करून ठेवा. ती म्हणायची, "तवलोंग पोर वाढी जास." म्हणून मग दर खेपेला ईशाला हाक. डोक्याचं माप, मनगटाचं माप, गुडघ्यापासून टाचेपर्यंत माप. ईशा वैतागायची, "अक्काआजी, मला खेळायला जायचंय!" अक्का तिला चमकीची टिकली लावून खूश करायची. माझ्या पोरीच्या अंगावर ती आपल्या नातीला वाढताना बघत होती. हे मला कळायचं आणि मला ते बघवायचं नाही. मी काउंटरखाली उगाच वह्यांचे गठ्ठे लावत बसायची.

मी एकदा विचारलं, "नाव नाही, गाव नाही. पोरीला कळणार कसं कुणी पाठवलं ते?" आमच्याकडे गुलाबाईत गाणी संपली की खाऊचा झाकलेला डबा हलवून दाखवतात आणि आत काय आहे ते पोरींनी ओळखायचं असतं. ज्या घरचा खाऊ, त्या घरच्या बाईनं तोंड उघडायचं नाही. अक्का म्हणाली, तसंच हे. "मी मन्हं तोंड उघाडं नही पाहिजे. एकदाव उघाडं, तेवढं पुरं शे. ती ओयखी ली. तिनी माय बी असंच करे, तिनं देखेल शे." तीन वर्षांच्या पोरीला आईच्या हातातलं काय आठवणार? हे मी तोंडावर आणलं नाही. माणूस ज्या काडीला धरून तरंगतंय ती काडी आपण कशाला ओढायची?

वर्षं गेली. शेवंताबाई दुकानात यायच्या, पाणी प्यायच्या, पिशवीत पुडी सरकवायच्या आणि सांगायच्या, "खूश झाली पोर." अक्का तेवढ्यावर महिना काढायची. "कशी खूश झायी? काय म्हने?" असं खोदून खोदून विचारायची. शेवंताबाई मात्र मोघम बोलायच्या, नजर चुकवून गाडीची वेळ झाली म्हणायच्या. मला वाटायचं, भित्री बाई आहे, नोकरीला जपते. कशाला जपत होती ते पुढे डोळ्यांनी बघितलं.

चिमी पाचवीत गेली त्या हिवाळ्यात शाळेत हस्तकलेचं प्रदर्शन भरलं. शेवंताबाईंच्या तोंडून ते सहज निसटलं आणि अक्कानं धरून ठेवलं. सगळं गाव येतं ना? मग मीही जाईन, पदर पुढे ओढला की कोण ओळखतंय. शेवंताबाईंनी "नका येऊ" म्हणून परोपरीनं सांगितलं. अक्का ऐकेल तर ना! मला म्हणाली, "तू चाल मनासंगे. माले एकलीले धीर व्हवाव नही." मी दुकान बंद ठेवून गेले. पारोळ्याला गाडी बदलली. अक्का नवं लुगडं नेसली होती आणि कमरेची कात्री घरी ठेवून आली होती.

शाळेच्या व्हरांड्यात टेबलं मांडली होती. माचिसच्या काड्यांची घरं, चमच्यांचे आरसे, तेच ते. शेवटच्या टेबलाशी मी आधी पोचले. अक्काच्या सगळ्या वस्तू तिथे होत्या, एकही कमी नाही. डबी, झोका, कंदील, गुढी, बैल. सगळ्या जिवापाड जपलेल्या, कोपरेसुद्धा दुमडलेले नाहीत. आणि वर सुवाच्य अक्षरात पाटी लावलेली: 'माझ्या आत्याने केलेल्या वस्तू.' मी झटकन मागे वळले, अक्काला कसं तरी दुसरीकडे न्यावं म्हणून दंड धरला. पण तिनं वाचलं होतं. चौथीपर्यंत शाळा शिकलेली बाई ती.

टेबलामागे चिमी उभी होती. ईशाच्या मानानं किती लहानखुरी! डोक्यावर तो पहिलीतला मुकुट, तोसुद्धा मागून क्लिपा लावून आवळलेला. आमच्याकडे बघून हसली आणि पाहुण्यांना दाखवतात तशी दाखवायला लागली. अक्कानं बैलाच्या पुठ्ठ्याला हात लावला तर पोर घाईनं म्हणाली, "आजी, थांबा थांबा, असं ओढू नका, फाटेल! आधी ही बाजू धरायची." आणि तिनं अक्काची बोटं आपल्या हातात घेतली, एक इकडे ठेवलं, एक तिकडे. "हां. आता हळू." बैल उभा राहिला. "आहे की नाही भारी?"

अक्कानं पदर आणखी पुढे ओढला. म्हणाली, "भारी शे वं माय. कोनी करं?"

"माझ्या आत्यानं. ती पुण्याला असते. दर सणाला शाळेच्या पत्त्यावर पाठवते."

"तुले शिकाडत नही का?"

"नाही ना! सुट्टीत येते तेव्हा मी मागेच लागते. पण ती म्हणते, आता आराम करू दे. करताना कुणाला दाखवत नाही ती." आणि जरा वेळानं आपण होऊन म्हणाली, "माझी आई नाहीये ना, म्हणून करते ती माझ्यासाठी."

मी अक्काकडे बघितलं.  या बाईनं एकदा भरल्या अंगणात माती फेकली होती, आता ही काय करणार? एका वाक्यात सगळं उलटंपालटं झालं असतं. अक्का म्हणाली, "तुनी आत्याना हात चांगला शे. जीव शे तिना तुनावर."

"खूप," पोर म्हणाली. तोवर दुसरी माणसं आली आणि ती त्यांना झोका दाखवायला वळली.

शाळेच्या मागच्या बाजूला शेवंताबाई रडायला लागल्या. त्यांनी सांगितलं ते असं. पहिली वस्तू पोरीनं घरी नेली तेव्हाच घरच्यांनी हात ओळखला. आजोबा चुलीत टाकायला निघाले, तर पोरीनं ती छातीशी धरून असा आकांत मांडला की श्वास अडकला. तिला गप्प करायला आजी बोलून गेली, "अगं आत्यानं पाठवलंय तुझ्या, कोण जाळतंय?" आजोबा गप्प बसले. मग पुण्याला फोन करून आत्याला पढवून ठेवलं आणि शेवंताबाईंनाही तेच सांगायला बजावलं. पुढे तेच चालू राहिलं. अहो, फाडून टाकलं असतं तर ते बरं झालं असतं! निदान त्यांनी काय केलं ते त्यांच्या नावावर राहतं. पण त्यांनी पोरीचं मन राखलं, वस्तू राखल्या आणि करणारीला तेवढी पुसून टाकली. त्यांना दुष्ट तरी कसं म्हणावं? आणि नाही तरी कसं म्हणावं?

परतीच्या वाटेवर पारोळ्याच्या स्टँडवर माझा ताबा सुटला. म्हटलं, "अक्का, पुढच्या वेळी वस्तूवर नाव लिहा! मोठ्या अक्षरात! होऊ दे काय व्हायचं ते. इतकी वर्षं मर मर मरायचं तुम्ही आणि आयतं नाव त्या आत्याचं?" अक्का बाकावर बसली होती. चहाचा कप हातात तसाच निवला होता. म्हणाली, "तिले तठेच ऱ्हानं शे ना. आज मी बोलसू, तिनी आत्या खोटी पडी, आजी खोटी पडी. मंग ती कोनावर भरोसा ठेवी? मना? मी तं तिले भेटाव बी नही." मग मला बजावलं, "तू बी सांगजो नको. कव्हयच नको. मी मरनू तरी नको. मनी आन शे तुले." मी हो म्हटलं. काय करणार, तिचा चेहरा बघून नाही म्हणवलं नाही.

मला वाटलं होतं, आता तरी ती थांबेल. संक्रांतीच्या आधी दुकानात आली, कागद कानाशी नेला, खाली ठेवला. मग हळूच विचारलं, "पुनामा कोनता कागद भेटस वं?"

मला आधी कळेचना. म्हटलं, "पुण्याचा कागद तुम्हाला कशाला?" तर म्हणाली, आत्या पुण्याची आहे ना, मग धुळ्याच्या दुकानातला पतंगी कागद कसा चालेल? पोर मोठी होतेय, एखाद्या दिवशी तिच्या मनात शंका यायची. मी आत गेले आणि डोळे पुसून बाहेर आले. तिला भारीतले जाड, गुळगुळीत ताव मागवून दिले, पुण्याकडे मिळतात तसे. त्या कागदानं तिचे हाल केले. घडी सरळ पडायची नाही, नख दुखायचं, बोटांना कडा लागायच्या. पण ती पुण्याच्या आत्याचा कंदील करत राहिली. रंगसुद्धा बदलले. लाल-पिवळा तिचा आवडता, तो सोडून फिके गुलाबी, मोरपंखी घ्यायला लागली. "शहरना बाया असाच रंग लेतस," म्हणायची. कागद, रंग, सगळं दुसऱ्या बाईचं झालं. तिचं स्वतःचं फक्त घडी घालणं उरलं.

त्यानंतर गल्लीतल्या लोकांना अक्का निवळली असं वाटायचं. कुणाला टोचून बोलायची नाही, दुकानात कागदाला नावं ठेवायची नाही. दिलेला ताव निमूटपणे घ्यायची. ज्या तोंडाला मी इतकी वैतागले होते ते बंद झालं तर मलाच करमेना. मी मुद्दाम हलका ताव पुढे करून बघायची, म्हटलं आता तरी चिडेल. ती "चाली जाई" म्हणायची आणि जायची. ज्याचं जळतं त्याला कळतं. आम्ही नुसतं बघत होतो.

यंदा पोळ्याचा बैल तिनं केला तेव्हाच तिचा उजवा हात थरथरत होता. गुलाबाई बसायच्या आधी एके सकाळी तिला झटका आला. दवाखान्यात मी गेले तेव्हा वाचा गेली होती. मला बघून तिनं डावा हात उचलला आणि तोंडावर आडवं बोट ठेवलं. मी म्हटलं, "नाही सांगणार, अक्का. शपथ आहे ना तुमची." तिनं डोळे मिटले. दोन दिवसांत गेली. पाचोऱ्याला कुणी कळवलं नाही, कळवून कुणाला सुतक पाळायचं होतं?

दिवाळी आली. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती आणि माझं लक्ष एकाच गोष्टीत. चिमी वाट बघत असेल. या घरातलं त्या घरातलं मला काही माहीत नाही, मला एवढंच ठाऊक की एक बिनआईची पोर शाळेच्या दारात शेवंताबाईंच्या पिशवीकडे बघत असेल. अक्काला तेच नको होतं ना? म्हणून मी स्वतः बसले. तिच्यासमोर बसून इतकी वर्षं बघितलं होतं, मला वाटलं जमेल. तोच कागद, तेच मोरपंखी आणि गुलाबी, त्याच बारा पाकळ्या. ईशा म्हणाली, "आई, बरा झालाय." मलाही वाटलं, बरा झालाय. अक्का गेल्याचं शेवंताबाईंना सांगितलं, पुडी बांधून त्यांच्या हवाली केली आणि मनाला समाधान दिलं की निदान अक्काचा शब्द तरी राखला.

धनत्रयोदशीच्या दुपारी शेवंताबाईंचा फोन आला. समोर गिऱ्हाइकांची झुंबड, मी एका हातानं सुटे देतेय, दुसऱ्या हातात फोन.

"ताई, पोरीनं काल शाळेत कंदील उघडला," त्या म्हणाल्या. "दोनदा मिटला, उघडला. मग म्हणाली, हा आत्यानं केलेला नाही. मी म्हटलं, घाईत केला असेल. तर म्हणाली, नाही मावशी, घडीच वेगळी आहे. हा दुसऱ्या कुणीतरी केलाय."

मी गल्ला लोटला आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

"घरी जाऊन तिनं पुण्याला फोन लावला. आत्या म्हणाली, अगं मीच केलाय, सगळे मीच केलेत. आज सकाळी सुट्टी असून माझ्या घरी आलीय. बाहेर ओट्यावर बसलीय. रडत नाही, काही नाही. म्हणते, आत्या खोटं बोलते, आजी पण खोटं बोलते. मला खरं सांगा, आधीचं कोण करायचं?"

 जे होऊ नये म्हणून अक्का मरेपर्यंत तोंड शिवून बसली, ते मी एका कंदिलानं करून बसले होते. आता शपथ कुठे आणि काय! जाऊ दे ती शपथ, मरून गेलेल्या माणसाला काय लागते? मी म्हटलं, "सांगा. सांगून टाका, शेवंताबाई. म्हणावं तुझी आजी करायची, तुझ्या आईची आई. धुळ्याची."

त्या मग हळू आवाजात म्हणाल्या, "सांगते. पण ताई, ती लगेच म्हणेल, मला तिच्याकडे न्या. मग काय सांगू?"

समोर एक बाई सोनेरी कागद मागत होती, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. मी फोन कानाला धरून तशीच उभी राहिले. शेवंताबाई "हॅलो, हॅलो" करत होत्या.